निर्गमनावर दोन पानं

रुद्रने फळ्यावर एक नागमोडी रेघ ओढली, तिच्या कडेला चौदा फुल्या मारल्या आणि खडू खाली ठेवला.

"ही गोदावरी. या चौदा पेढ्या. सगळ्या एकच सेवा देतात, एकाच घाटावर हाकेच्या अंतरावर बसतात. तरी त्यांच्यात स्पर्धा नाही."

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात अकरा जण होते, त्यातले चार मोबाईलमध्ये. औद्योगिक अर्थशास्त्राच्या पेपरासाठी प्रत्येकाने एक बाजार निवडून त्याची रचना मांडायची होती. कुणी पिंपळगावची द्राक्षं घेतली होती, कुणी सिमेंट. रुद्रने स्वतःचं घर घेतलं होतं. त्याच्या घरात सात पिढ्या उपाध्येपण होतं. गावोगावची माणसं अस्थी घेऊन रामकुंडावर येत, विधी झाला की उपाध्यायांच्या वहीत आपल्या घराण्याची नावं लिहीत आणि खाली सही करून जात. आजोबांनी ज्या वहीत सही केली त्याच वहीत नातवाने करायची. कोणतं गाव कोणाकडे, हे कधीचंच ठरून गेलेलं होतं.

"पण गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकतं ना?" पुढच्या बाकावरून अमोलने विचारलं.

"जाऊ शकतं. जात नाही. त्याच्या पणजोबाची सही आमच्याकडे असते."

"म्हणजे ग्राहकनिष्ठा."

"सात पिढ्यांची," रुद्र म्हणाला, आणि मोबाईलमधले चौघेही हसले.

रुद्रलाही हसू आलं. फार दिवसांनी त्याला मोकळं वाटत होतं. घरी ज्याला परंपरा म्हणायचे त्याला इथे बाजारविभागणी म्हणता येत होतं, आणि बाजारविभागणीच्या कुणी पाया पडत नाही. जन्म हा परवाना, वही हे भांडवल, यजमान हा उपभोक्ता, असं सगळं त्याने तक्त्यात बसवलं होतं. परिशिष्टात आपल्या वहीतल्या एकशे बारा गावांची यादीही जोडली होती.

ज्योत्स्ना निकम मॅडम शेवटच्या बाकावर त्याची फाईल उघडून बसल्या होत्या. वीस वर्षं त्या हाच विषय शिकवत होत्या आणि विद्यार्थ्याचं कौतुक करायचं असलं तरी आधी चूक दाखवत.

"प्रवेशाच्या अडथळ्यांवर नऊ पानं आहेत. चांगली आहेत. निर्गमन कुठे आहे?"

"कोणाचं निर्गमन, मॅडम?"

"पेढीचं. एखाद्याला या व्यवसायातून बाहेर पडायचं असेल तर त्याचं काय अडतं? त्यावर तू एक ओळ लिहिलेली नाहीस."

रुद्रने वळून फळ्यावरच्या फुल्यांकडे पाहिलं. तिसरी फुली त्याची होती.

"दोन पानं लिही," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी मला दे. मग तुझ्या पत्रावर सही करते."

पत्र म्हणजे शिफारसपत्र. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत सहायकाची जागा निघाली होती आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी दहाला मुलाखत होती. येताना मूळ पत्र आणायचं होतं, सहीनिशी. रुद्रने गुरुवारी संध्याकाळी पाचच्या बसचं तिकीट काढून ठेवलं होतं. घरी यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं.

*

घर पंचवटीत, दुसऱ्या मजल्यावर होतं. इमारतीला लिफ्ट नव्हती. बाहेरच्या खोलीत सोफ्याशेजारी, जिथे इतरांच्या घरी टीव्ही असतो, तिथे एक लोखंडी कपाट होतं. त्यात लाल फडक्यांत बांधलेल्या एकोणीस वह्या होत्या. कपाटाची किल्ली अण्णांच्या, म्हणजे रुद्रच्या वडिलांच्या, जानव्याला. आंघोळीला जातानासुद्धा ती अंगावरून उतरत नसे.

अण्णांचे गुडघे गेल्या दसऱ्यापासून घाटाच्या पायऱ्या उतरेनासे झाले होते. तेव्हापासून सकाळी सहा ते अकरा रुद्र घाटावर बसत होता आणि दुपारी कॉलेजात. "थोडे दिवस," अण्णा म्हणाले होते. दसऱ्यानंतर संक्रांत झाली, शिमगा झाला, आणि ते शब्द पुन्हा कुणी काढले नाहीत. रुद्र विधी सांगायचा, मग यजमानांना घरी घेऊन यायचा. वही मात्र अण्णा उघडायचे. नावं लिहून झाली की खाली "लिहून घेणार" असं लिहून स्वतःचं नाव घालायचे. ज्याच्या समोर लिहिलं त्याचंच नाव, हा घरातला नियम होता. पुढची पिढी आली की ते नाव विचारत यायची.

बुधवारी दुपारी रुद्र लॅपटॉप उघडून बसला. वर लिहिलं, "निर्गमनाचे अडथळे". त्याखाली, "एक: बुडीत खर्च". मग अर्धा तास पडद्यावर कर्सरची काडी लुकलुकत राहिली.

बुडीत खर्च म्हणजे काय ते त्याला पाठ होतं. बाहेर पडताना जे विकून वसूल करता येत नाही ते. वह्या विकता आल्या असत्या. दोन घरं सोडून एकाने विकल्याही होत्या आणि आता तो सातपूरच्या कंपनीत सुखाने पाळी करत होता. अण्णांनी त्या माणसाशी बोलणं टाकलं नव्हतं, पण त्याच्याकडे पाहताना त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे जायची. हे कोणत्या मथळ्याखाली घालायचं ते रुद्रला कळत नव्हतं.

त्याच सकाळी त्याने प्रश्नावली म्हणून एका यजमानाला विचारून पाहिलं होतं. निफाडकडचे कोंडाजी, सत्तरीचे, भावाच्या अस्थी घेऊन आलेले.

"बाबा, दुसऱ्या कुणी निम्म्या दक्षिणेत केलं असतं तर गेला असता त्याच्याकडे?"

कोंडाजींनी ओली टोपी पिळली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"दुसऱ्याकडं आमच्या आज्याची सही हे का?"

"नाही."

"मंग?" ते म्हणाले. थोडं थांबून त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आन तुम्ही हे ना हितं. अण्णांच्या माघारी तुम्ही, तुमच्या माघारी तुमचा पोऱ्या. आमाला काय घोर नाय."

पाठीवरचा तो हात म्हाताऱ्या माणसाचा, हलका होता. पण चांगल्या माणसांनी चांगल्या मनाने एकेक वीट लावावी आणि आपण आत उभे राहून त्यांना वीट हातात द्यावी, तसं त्याला झालं होतं. हेही दोन पानांत बसण्यासारखं नव्हतं.

"काय लिहितोस?" आतून अण्णांनी विचारलं.

"कॉलेजचं."

"संपत आलं असेल आता."

"हो, संपतंय."

"बरं झालं," अण्णा म्हणाले. "मग सकाळची घाई होणार नाही तुला."

रुद्रने लॅपटॉप मिटला.

*

गुरुवारी अण्णांच्या गुडघ्याचा एमआरआय होता. यंत्रात धातूचं काही चालत नाही म्हटल्यावर अण्णांनी जानव्याची किल्ली सोडली, तिच्याकडे दोनदा पाहिलं आणि ती देवासमोर ताम्हनात ठेवली. मग आईच्या खांद्यावर हात टाकून एकेक पायरी बसत-उठत ते खाली गेले. रुद्र त्यांना रिक्षात बसवून घाटावर आला.

आठच्या सुमाराला पायऱ्यांवर एक बाई दिसल्या. फिकट सुती साडी, हातात पांढऱ्या कापडाने बांधलेलं मडकं. पहिल्या दोघा उपाध्यायांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आडनाव? गाव?" आणि त्यांनी उत्तर दिल्यावर दोघांनीही रुद्रकडे बोट दाखवलं. त्या जवळ आल्यावर त्याने त्यांना ओळखलं, तरी तोंडातून सवयीने तेच निघालं.

"आडनाव? गाव?"

"बोरसे," ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या. "माहेरचं. गाव सावखेडे."

रुद्र उठून उभा राहिला.

"आई गेली, रविवारी," त्या म्हणाल्या. "जेल रोडला माझ्याकडेच होती. भाऊ नाही मला. नाशिकला आमचं कोण आहे हे घरात कुणालाच आठवेना. मग काल तुझी फाईल तपासताना परिशिष्ट पाहिलं. एकेचाळीस नंबरला सावखेडे."

ती यादी त्याने टाईप केली होती, पानं वाढावीत म्हणून. रुद्रने त्यांच्या हातातलं मडकं घेतलं.

विधी तास-दीड तास चालला. वर्गात जिचं बोट त्याच्या चुकांवरून फिरत असे तीच बाई आता तो सांगेल तसं करत होती. "उजवा हात, मॅडम," तो म्हणायचा, आणि त्या हात बदलायच्या. आईचं नाव विचारल्यावर त्यांनी दोनदा सांगायचा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा ते उमटलं. विमलाबाई. अस्थी पाण्यात गेल्यावर त्या बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. रुद्रने घाई केली नाही. अण्णाही अशा वेळी करत नसत.

मग तो नेहमीसारखं म्हणाला, "वहीत नाव घालायला घरी यावं लागेल."

*

ताम्हनातली किल्ली उचलताना त्याला चोरी केल्यासारखं वाटलं. कपाटातून बारावी वही काढून त्याने सोफ्यासमोर पाटावर ठेवली, फडक्याची गाठ सोडली. आधीची पानं मोडीत होती, मग बाळबोध. गाव, मग घराणं. बोट ठेवत ठेवत तो एका पानावर थांबला.

"हे बघा."

निळ्या शाईत, शाळेत थोडंच शिकलेल्या माणसाचं मोठं, टपोरं अक्षर होतं. सन एकोणीसशे शहाऐंशी. भिकन तुकाराम बोरसे, सावखेडे. वडिलांच्या अस्थी घेऊन आलो. मुलगा नाही. मुलगी ज्योत्स्ना, तिसरीत आहे, हुशार आहे.

मॅडम चष्मा पुसून पुन्हा वाचू लागल्या. बोट कागदाच्या वर, पण कागदाला न लावता, त्यांनी शेवटची ओळ तीन वेळा वाचली. वहीत मुलींची नावं घालत नाहीत हे रुद्रला माहीत होतं. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घराण्याच्या वहीत जाते. एकोणीस वह्यांत अशी ओळ त्याने पाहिली नव्हती.

"मी सातवीत असताना गेले ते," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या अस्थी काकांनी तापीवरच्या प्रकाशा गावी नेल्या. माझ्याकडे त्यांचा फोटो आहे. अक्षर कधी पाहिलं नव्हतं."

त्या रडल्या. रुद्रने पाण्याचा पेला आणून ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. आपण या वहीला भांडवल म्हटलं होतं याची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली याचा लगेच रागही आला.

थोड्या वेळाने त्यांनी पेन मागितलं आणि वडिलांच्या ओळीखाली लिहिलं. विमलाबाई भिकन बोरसे यांच्या अस्थी घेऊन आले. मुलगी ज्योत्स्ना. नात सायली, बंगळूरला असते. सही, तारीख. मग पेन तसंच धरून त्या म्हणाल्या, "इथे खाली जागा कशासाठी ठेवायची?"

"लिहून घेणाऱ्याचं नाव येतं तिथे. अण्णांचं."

वरच्या नोंदीखाली ते होतंच. लिहून घेणार, सदाशिव. पेन दाबून लिहिलेलं, कागदाला मागून उठलेलं.

"अण्णा आज नाहीत ना पण."

"नाहीत."

"मग तुझंच घाल." त्यांनी पेन त्याच्यापुढे धरलं. "सायली माझ्यासाठी येईल तेव्हा तिने नाव कोणाचं विचारायचं?"

त्या सहज बोलल्या होत्या, एखादा यजमान बोलतो तसं. खोटं नाव घालता येत नव्हतं आणि जागा कोरी ठेवता येत नव्हती. रुद्रने लिहिलं. लिहून घेणार, रुद्र सदाशिव. त्याच्याही नकळत पेन दाबलं गेलं.

ते वाचताना मॅडमचा चेहरा बदलला. निर्गमनावर पानं मागणाऱ्या आपणच त्याचं नाव वहीत अडकवलं, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी पिशवीतून फाईल काढली, फाईलमधून शिफारसपत्र.

"ती दोन पानं?"

"झाली नाहीत, मॅडम."

"राहू देत."

सहीला खाली काहीतरी टणक हवं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि रुद्रने वही मिटून त्यांच्या मांडीवर ठेवली. तिच्यावर पत्र ठेवून त्यांनी सही केली, त्याच पेनाने.

"उद्या वेळेवर पोहोच," त्या म्हणाल्या. "बाकी मी काही बोलत नाही. मला बोलायला आज तोंड नाही."

शाई ओली होती. ओली अक्षरं फिसकटू नयेत म्हणून कागद वहीच्या पानांत टिपकागदाशी घालायचा, ही लहानपणापासूनची सवय. रुद्रने पत्र वहीत घातलं. तेवढ्यात खालून रिक्षाचा हॉर्न वाजला आणि पाठोपाठ आईची हाक आली. अण्णांना वर आणायला दोन माणसं लागत. तो धावत खाली गेला.

*

अण्णा वर येऊन सोफ्यावर बसले तेव्हा मॅडम निघाल्या होत्या. जिन्यातच भेट झाली. त्यांनी वाकून अण्णांना नमस्कार केला आणि अण्णांनी कुठल्या गावच्या, काय करतात ते विचारून घेतलं. आई स्वयंपाकघरात चहा ठेवत होती. रुद्र खाली रिक्षावाल्याला सुटे देऊन, औषधांची पिशवी घेऊन परत आला, तेव्हा अण्णांच्या मांडीवर वही उघडी होती.

"भिकन बोरसे," अण्णा म्हणाले. "चांगला आठवतो मला. मी म्हटलं, मुलींची नावं घालत नाहीत. तो म्हणाला, मग मीही सही करत नाही. माझं पहिलंच वर्ष. वडील बाहेरगावी होते, विचारू कोणाला? म्हटलं, घाल बाबा." ते हसले. "म्हणजे ती ही होय. प्राध्यापक झाली."

"मला शिकवतात त्या."

अण्णांचं बोट खालच्या ओळीवर आलं आणि तिथे थांबलं. आत कपबशीचा आवाज झाला. मग त्यांनी वही मिटली, फडक्यात ठेवून चारी टोकं ओढून गाठ मारली, रुद्रच्या हातात दिली आणि कपाटाकडे मान हलवली. रुद्रने वही बाराव्या जागी ठेवली. अण्णा सोफ्याच्या हाताला धरून उठले, दोन पावलं आले आणि त्यांनी स्वतः दार लावून किल्ली फिरवली. खट्‌ आवाज झाल्यावर रुद्रला पत्र आठवलं.

"अण्णा, आत माझा एक..."

"कागद. पाहिला. इंग्रजी आहे. शाई ओली होती, म्हणून राहू दिला."

त्यांनी तो वाचला होता की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. वाचला असेल तर मुलाखतीची तारीखही वाचली असणार. रुद्रने त्यांच्या बोटांतल्या किल्लीकडे पाहिलं. ती आता जानव्याला जाईल, आणि मग मागावी लागेल, आणि मागताना सांगावं लागेल, असं त्याला वाटलं. शब्द जुळवायला त्याने तोंड उघडलं.

अण्णांनी किल्ली जानव्याला बांधली नाही. तळहातावर ठेवून ती त्याच्यापुढे धरली.

"घे. ज्याचं नाव वहीत, किल्ली त्याच्याकडे. मलाही अशीच दिली होती. भिकन येऊन गेला त्याच आठवड्यात." त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. "घाटावरून आलास की जानवं खुंटीला असतं तुझं. आता अंगावर राहू दे."

खिशात पाचच्या बसचं तिकीट होतं. कपाट दोन पावलांवर होतं. आईने चहाचे कप आणून ठेवले, दोघांकडे पाहिलं आणि ती आत गेली. गुडघा दुखत असूनही अण्णा हात पुढे धरून उभेच होते.

पत्र बाहेर काढायचं तर किल्ली घ्यावी लागणार होती. रुद्रने हात पुढे केला.